सांगली-मिरजेत गेमिंगचा तयार पीसी घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम खेळायला डेस्कटॉप हवाय, पण सुटे पार्ट आणून स्वतः जोडत बसायची हौस किंवा वेळ नाही, अशांसाठी हे पान आहे. नुसत्या भावाचे आकडे मुद्दाम कमी दिलेत, कारण ते दर महिन्याला खालीवर होतात. भाव तपासायचा कसा, यावर भर दिलाय.

तयार पीसी म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली तीन प्रकारचा माल विकला जातो. पहिला म्हणजे एचपी, डेल, लेनोवो, एसर, आसुस अशा कंपन्यांचा फॅक्टरीतून सीलबंद आलेला. दुसरा म्हणजे पुणे, मुंबई, बंगळूरचे मोठे विक्रेते बाजारातलेच सुटे पार्ट जोडून, त्याला एखादं भारदस्त नाव देऊन वेबसाइटवर विकतात तो. आणि तिसरा आपल्या गावातल्या दुकानात काउंटरवर लाइट लावून ठेवलेला.

कंपनीच्या पीसीला बऱ्याचदा घरी येऊन सर्व्हिस मिळते, पण पुढे आत काही बदलायचं म्हटलं की अडतं. वेबसाइटवाल्यांकडे प्रत्येक पार्टचं नाव छापलेलं असतं, पण बिघाड झाला की पार्सल करणं आलं. गावातल्या दुकानाचा माणूस हाताशी असतो, मात्र आत काय घातलंय ते खोदून विचारावं लागतं. नुसत्या गेमिंगसाठी घेत असाल तर मी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकाराकडे झुकेन. वडिलांच्या ऑफिसचं कामही त्याच मशीनवर चालणार असेल तर पहिला.

तयार घेतला की महागच पडतो ना?

पूर्वी हमखास पडायचा. सध्या तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव भडकले. मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी एआय डेटा सेंटरच्या ऑर्डरींना पुढे काढलं आणि आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचा माल आटला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ज्याने रॅम आणि एसएसडी (गेम-फायली साठवायची डिस्क) आधीच्या भावात भरून ठेवलेत, त्याचा तयार पीसी सुट्या पार्टांच्या बेरजेपेक्षा स्वस्त निघू शकतो. निघेलच असं नाही, म्हणून पुढचा प्रश्न नीट वाचा.

भाव वाजवी आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

पीसीचं नाव सोडा, यादी मागा. मार्केट यार्डात हळदीचा सौदा पोत्यावरचं लेबल वाचून होत नाही, माल हातात घेऊन बघतात. इथेही तसंच.

दुकानातून बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपवर असं कोटेशन येतं: «आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट». वाचायला झकास, पण यातल्या एकाही ओळीवरून भाव ठरवता येत नाही. आय७ कितव्या पिढीचा? १६ जीबी म्हणजे एकच काडी की आठ-आठच्या दोन, आणि डीडीआर३ की डीडीआर४? एसएसडी संथ साटा प्रकारची की वेगवान एनव्हीएमई? ४ जीबीचं कार्ड म्हणजे कुठलं मॉडेल? एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कुणाचा? आणि सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या बोर्डाचा (मदरबोर्डचा) तर पत्ताच नाही.

दुकानदाराला सांगा, «दादा, प्रत्येक पार्टची कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून द्या.» चांगला दुकानदार पाच मिनिटांत देतो. टाळाटाळ केली तर तेही उत्तरच समजायचं.

यादी आली की दोन-तीन ऑनलाइन दुकानांत प्रत्येक मॉडेलचा आजचा भाव बघून कागदावर बेरीज मारा. संगणकाच्या पार्टांवर जीएसटी १८ टक्के आहे, तेव्हा दोन्हीकडचे भाव कर धरूनच आहेत ना, एवढं तपासा. बेरजेपेक्षा तयार पीसी आठ-दहा टक्क्यांनी महाग असेल तर मी तक्रार करणार नाही. जोडणी, टेस्टिंग आणि पुढे फोन उचलणारा माणूस, यांचे तेवढे पैसे होतात. फरक वीस टक्क्यांवर गेला तर घासाघीस करा नाहीतर उठा. आणि बेरजेपेक्षा खूपच स्वस्त दिसला, तर कुठला तरी पार्ट जुना किंवा वापरलेला आहे असं धरून प्रश्न विचारा.

वीस-बावीस हजारांत «आय७ गेमिंग पीसी» मिळतोय. घेऊ का?

नको. हा आय७ बहुतेक २६०० किंवा ३७७० असतो, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा. आय७-२६०० बाजारात आला २०११ मध्ये. ऑफिसांतून निघालेले हे प्रोसेसर नव्या छापाच्या स्वस्त बोर्डावर बसवून, काचेच्या कॅबिनेटमध्ये घालून विकले जातात. आजचा साधा आय३ याला मागे टाकतो.

खरी अडचण वेगापेक्षाही पुढची आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) नसेल तर सुरूच होत नाही. म्हणजे ज्या गेमसाठी पोराने हट्ट केला तोच उघडायचा नाही, अशी वेळ येऊ शकते.

ग्राफिक कार्ड कोणतं बघायचं?

गेमिंग पीसीत पैसे जायला हवेत ते इथे. मॉनिटर सोडून उरलेल्या किमतीतले साधारण ३५ ते ४५ टक्के एकट्या कार्डात गेले असतील तर बनवणाऱ्याला गेमिंग कळतं म्हणायचं. प्रोसेसर दणकट आणि कार्ड किरकोळ असा पीसी दिसला तर तो आकड्यांवर भुलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बनवलाय.

कार्डाची मेमरी किती जीबी, एवढ्यावर जाऊ नका. जीटी ७३० नावाचं कार्ड आजही «४ जीबी ग्राफिक कार्ड» म्हणून खपवलं जातं. ते २०१४ सालचं आहे आणि मेमरी दुप्पट केली म्हणून त्याच्यात बळ येत नाही. जीटी १०३० चंही थोडंफार तेच. मॉनिटरला चित्र दाखवण्यापुरती ही कार्डं ठीक आहेत, गेमिंगच्या पीसीत त्यांचं काम नाही.

एकाच नावाची दोन कार्डं हा दुसरा सापळा. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीचंही आहे आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचंही. फरक फक्त दोन जीबीचा वाटतो, पण ६ जीबीवाल्यात कोअरही (हिशेब करणारे भाग) कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही अरुंद, १२८ बिटऐवजी ९६ बिट. कोटेशनमध्ये नुसतं «३०५०» लिहिलं असेल तर बहुधा ६ जीबीवालंच असतं. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही २०२५ ची कार्डं, ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात. तिथे परवडत असेल तर १६ जीबी घ्या, पाच वर्षांच्या हिशेबाने तेच स्वस्त.

माझी निवड सांगायची तर, फुल एचडी मॉनिटरवर नवे गेम हाय सेटिंगवर खेळायला आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ७६०० पुरतं. त्याच सुमाराच्या भावात इंटेलचं आर्क बी५८० मिळालं तर त्यात १२ जीबी मेमरी आहे, फक्त त्यासोबत बोर्ड-प्रोसेसर नव्या पिढीचे हवेत. जुनं जीटीएक्स १६५० आता घेऊ नका. रे ट्रेसिंगची (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची) सोय असलेलं कार्ड नसेल तर चालतच नाहीत, असे मोठे गेम २०२४ पासून येऊ लागलेत.

फक्त व्हॅलोरंट, सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) आणि थोडंफार माइनक्राफ्ट. तरी एवढं कार्ड लागतं?

नाही. रायझन ५ ८६००जी सारख्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्सही हे गेम सेटिंग थोडी उतरवून चालवतं. फक्त रॅमच्या दोन काड्या हव्यात. अंगचं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं, एका काडीवर ते अक्षरशः निम्म्याकडे घसरतं. पुढे पैसे साठले की कार्ड टाका, त्यासाठी एसएमपीएस मात्र आजच बरा घ्या.

प्रोसेसर आणि रॅमचं काय?

सहा कोअरचा आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० वरच्या कार्डांसोबत भरपूर झाला. एफ अक्षर असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं की स्क्रीन काळी, हे लक्षात ठेवून घ्या. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएमडीच्या एएम५ बोर्डाचा पीसी बघा. त्या सॉकेटला (प्रोसेसर बसतो त्या जागेला) २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं कंपनीने सांगितलंय. रॅम १६ जीबी, दोन काड्यांत. भाव बघता ३२ चा हट्ट सध्या सोडा, फक्त बोर्डाला मोकळे स्लॉट आहेत ना ते बघा.

एसएसडी १ टीबी एनव्हीएमई. मोठे गेम शंभर-दीडशे जीबीचे झालेत, ५१२ मध्ये विंडोजसकट तीन गेम बसले की डिस्क लाल.

एसएमपीएसकडे एवढं का बघायचं? करंट तर देतोच की.

लोकल पीसीत पैसे वाचवायची पहिली जागा तीच, म्हणून. डब्यावर ५०० वॅट छापलेलं असतं आणि ग्राफिक कार्डाला लागणारी आठ पिनची वायरच नसते, असे एसएमपीएस सर्रास मिळतात. मग कन्व्हर्टर वायर लावून भागवलं जातं. तशी वायर दिसली तर तो पीसी घेऊ नका.

नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ किंवा वरचा, ५५० ते ६५० वॅटचा एसएमपीएस आणि त्याची स्वतःची तीन ते पाच वर्षांची वॉरंटी, एवढं यादीत असू द्या. ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते त्याचा आहे, टिकाऊपणाचा नाही. म्हणून वॉरंटीची वर्षंही बघायची.

कंपनीच्या पीसीत इथे वेगळीच गोम असते. कित्येक मॉडेलांत एसएमपीएस आणि बोर्ड त्यांच्या खास मापाचे, खास पिनांचे असतात. दोन वर्षांनी मोठं कार्ड टाकायचं ठरवलं तर बाजारातला एसएमपीएस त्यात बसत नाही. घेण्याआधी त्या मॉडेलचा आतला फोटो शोधून बघा.

मुलगा म्हणतो, इंजिनिअरिंगला ग्राफिक कार्ड लागतंच. खरं का?

शाखेवर आहे. प्रोग्रॅमिंग शिकायला लागत नाही. टू-डी ऑटोकॅडलाही नाही. सॉलिडवर्क्समध्ये मोठी असेंब्ली, ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग, मशीन लर्निंग यांना उपयोग होतो, आणि त्यातही एनव्हीडियाचं कार्ड जास्त सोयीचं, कारण बरीच सॉफ्टवेअरं कुडा (CUDA) या एनव्हीडियाच्याच तंत्रावर चालतात.

एक सुचवतो. पोराला «गेम खेळायला हवाय» असं सरळ म्हणू द्या. अभ्यासाच्या नावाखाली मागितलेला पीसी धड अभ्यासाचा होत नाही आणि धड गेमिंगचाही. आणि तो विश्रामबागला वालचंदमध्ये घरून जाऊन-येऊन करणार असेल तर डेस्कटॉप ठीक. हॉस्टेलवर राहणार असेल तर लॅपटॉप बघा, दर सुट्टीत एसटीत मॉनिटर मांडीवर घेऊन कोण फिरणार?

मॉनिटर बजेटमध्ये धरायचा का?

धरायचाच. चोवीस इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा, १४४ हर्ट्झ (सेकंदाला चित्र तेवढ्या वेळा बदलतं) किंवा वरचा. घरातला जुना ६० हर्ट्झचा वापरणार असाल तर सुरुवातीला चालेल, पण महागडं कार्ड घेऊन तोच ठेवला तर पैसे पाण्यात. «कॉम्बो»मध्ये फुकट मिळणाऱ्या मॉनिटरचाही मॉडेल नंबर मागा.

विंडोज ओरिजिनल घ्यावं लागतं?

कंपनीच्या पीसीत ते किमतीतच येतं, तुलना करताना ही रक्कम विसरू नका. लोकल पीसीत «टाकून देतो» म्हणाले तर क्रॅक असतं. त्यातून काय काय आत येतं ते दुकानदारालाही ठाऊक नसतं, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार असता. बजेट नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून सक्रिय न करता काही दिवस वापरलेलं परवडलं.

लाइट सारखी जाते. घरचा इन्व्हर्टर चालेल का?

इन्व्हर्टर साइनवेव्ह असेल आणि त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर असेल, तर बऱ्याचदा चालतो. साध्या मोडवर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला इतका वेळ लागतो की पीसी बंद पडतो. स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरशी चांगल्या एसएमपीएसचं जमत नाही. शिवाय घरातले पंखे, फ्रिज आणि वर हा तीनशे वॅटचा भार इन्व्हर्टर पेलतो का, तेही बघा.

वेगळा यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीए वर समाधान मानू नका. तो वॅटमध्ये ३६० च्या आसपास असतो आणि गेम चालू असताना काठावर येतो. १००० किंवा ११०० व्हीए घ्या. त्यावर अर्धा तास खेळता येणार नाही, पाच-दहा मिनिटांत गेम सेव्ह करून बंद करायचं, एवढंच त्याचं काम.

जुन्या वाड्यात किंवा गावाकडच्या घरात राहत असाल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर थ्री-पिन सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नाही, असं समजा. पीसी आणायच्या आधी वायरमनला बोलवा. दोन-चारशे रुपये वाचवायला जाऊन कार्ड जाळू नका.

ऑनलाइन मागवू, पुण्याहून आणू की सांगलीतच घेऊ?

भाव दोन-तीन हजारांच्या फरकात असेल तर सांगलीतच. पुणे काही लांब नाही, पण बिघडलेला पीसी घेऊन सव्वादोनशे किलोमीटर जायचं म्हटलं की तो फरक एका फेरीत संपतो. फरक मोठा असेल तर ऑनलाइन जरूर घ्या, पण तीन गोष्टी आधी विचारून. वॉरंटी अख्ख्या पीसीवर आहे की पार्टनिहाय? पार्टनिहाय असेल तर कार्ड बिघडल्यावर तुम्ही ते काढून एकटं पाठवू शकता, सगळा पीसी नाही. परत पाठवायचं भाडं कुणी द्यायचं? कॅबिनेट उघडलं तर वॉरंटी जाते का? जात असेल तर साधी धूळ काढायलाही त्यांची परवानगी लागणार, तो पीसी सोडा.

कंपनीचा घेणार असाल तर त्यांच्या साइटवर आपला पिनकोड, समजा ४१६४१६, टाकून घरी येऊन सर्व्हिस मिळते का बघा. जत किंवा आटपाडीकडचा पिनकोड असेल तर हे आधी बघाच. «ऑन-साइट वॉरंटी» छापलेलं असलं तरी तुमच्या गावापर्यंत माणूस येतोच असं नाही.

«बिल नको असेल तर कमी करून देतो» म्हणतात.

पक्कं बिलच घ्या, आणि त्यावर कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी, एसएमपीएस यांचे सिरीयल नंबर लिहून घ्या. कार्डाची तीन वर्षांची वॉरंटी कंपनीकडे मागायची तर बिल लागतं. वाचलेला जीएसटी एका बिघाडात निघून जातो.

पार्सल आलं. आता?

खोक्यावर टेप असतानाच मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि पीसी उघडेपर्यंत थांबवू नका. कॅबिनेटची बाजूची काच काढा. आत कार्डाला आधार म्हणून फोम किंवा हवेची पिशवी कोंबलेली असते. ती न काढता चालू केलेले पीसी बरेच येतात दुरुस्तीला. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का, वायर ढिली झालीय का, बघा.

मग मॉनिटरची केबल. ही बोर्डाच्या पोर्टात नाही, खाली आडव्या असलेल्या कार्डाच्या पोर्टात लावायची. «एवढं महाग घेतलं आणि गेम अडकतोय» या तक्रारींत निम्म्या वेळा केबल बोर्डात असते. पुढे विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ किंवा जो असेल तो रिफ्रेश रेट निवडा, ते आपोआप ६० वरच राहिलेलं असतं. बायोसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये) रॅमच्या वेगाचं एक्सएमपी किंवा एक्सपो हे सेटिंग चालू आहे का तेही दुकानदाराला विचारून घ्या, नाहीतर रॅमचा छापील वेग मिळत नाही.

शेवटी सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही दोन फुकट सॉफ्टवेअरं टाकून यादीशी ताडून बघा. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकलेली कार्डं जीपीयू-झेड बऱ्याचदा पकडतं आणि नावाआधी तसं दाखवतं. पहिल्या आठवड्यात मोठा गेम दोन-तीन तास सलग चालवा. बिघडायचा असेल तर बदलून मिळायच्या मुदतीत बिघडू दे.

सेकंडहँड घेतला तर?

ओळखीतला, बिल आणि वॉरंटी शिल्लक असलेला असेल तर चांगला सौदा होऊ शकतो. «आरएक्स ५८०, एकदम नवा» असं कुणी म्हटलं तर लांब राहा. यातली कित्येक कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये दिवसरात्र घासलेली असतात.

उन्हाळ्यात आणि पावसात काही वेगळी काळजी?

एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकते, तिथे समोरून बंद काचेचं कॅबिनेट म्हणजे भट्टी. समोर जाळी आणि निदान तीन पंखे असलेलं घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी जाळीची धूळ काढा.

गावभाग, सूर्यवंशी प्लॉट अशा पूरपट्ट्यात तळमजल्यावर राहत असाल तर २०१९ आणि २०२१ विसरू नका. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की पहिल्या दिवशीच पीसी वरच्या मजल्यावर न्या. पाणी शिरलेलं मशीन नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही.

दिवाळीच्या सेलपर्यंत थांबू का?

रॅमचे भाव असे असताना सेलची सूट भाववाढीत कधी जिरेल सांगता येत नाही. यादीची बेरीज आज जुळत असेल तर आजच घ्या.

वॉरंटीत असून दुकानदार किंवा वेबसाइट दाद देत नाही. काय करायचं?

आधी ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी तक्रार, बिल आणि व्हिडिओ जोडून. तोंडी भांडणाचा पुरावा राहत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. कित्येक प्रकरणं एवढ्यावरच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता बंगळूरचा असला तरी केस सांगलीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.